तीनशे चाळीस वेळा

मंगळवार, २८ ऑगस्ट २००७. नारळी पौर्णिमा. दुपारी एक वाजून वीस मिनिटं. मिरकरवाड्याच्या जेटीवर मच्छीमार सोसायटीचा बर्फाचा कारखाना, आणि त्याच्या माडीवरची वायरलेसची खोली.

उर्वी नाचणकर त्या खोलीत शिरली तेव्हा तिच्या पिशवीत एक स्क्रूड्रायव्हर, एक केबल आणि न उघडलेला जेवणाचा डबा होता. काम साधं होतं. एक जुनी हार्ड डिस्क कॉम्प्युटरला लावायची, तिच्यावरचं एक ध्वनिमुद्रण शोधायचं आणि चार वाजता चौकशीच्या साहेबांना ऐकवायचं. अर्ध्या तासाचं काम. तिचं मारुती मंदिराजवळ कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान होतं आणि असली कामं ती रोज करायची.

पण जिन्याच्या शेवटच्या पायरीवर शरीफा बसली होती. तिला ओलांडूनच वर यावं लागलं.

"बाय," शरीफा हळूच म्हणाली, "निघंल ना?"

"निघेल, भाभी. का नाही निघणार?"

शरीफाचा नवरा मुसा हा 'दर्यादौलत' या बोटीचा तांडेल. गेल्या वर्षी २१ सप्टेंबरला तो सहा खलाशी घेऊन गेला. दुपारी वारा फिरला आणि बोट परत आली नाही. फळी नाही, डबा नाही, माणूस नाही. सोसायटीने लिहून दिलं की वायरलेसवर मदतीची हाक आलीच नाही. तांडेल इशारा डावलून स्वतःच्या हट्टाने खोल पाण्यात गेला. एवढ्या एका वाक्याने सहा घरांची दारं शरीफाला बंद झाली. ज्या बायकांबरोबर ती मासळीच्या पाट्या उचलायची, त्या तिला पाहून नळावरून हंडे उचलून जायच्या. सहा पोरं मारणाऱ्याची बायको. आज साहेब सोसायटीचं हेच म्हणणं अहवालात कायम करून संध्याकाळच्या गाडीने मुंबईला जाणार होते.

हाक आली होती की नव्हती, हे सांगणारी वस्तू जगात एकच होती. ही डिस्क. वायरलेसवर कुणी बोललं की आवाज आपोआप तिच्यावर उतरायचा, तारीख-वेळेसकट. ही सोय उर्वीनेच करून दिली होती. बोट बेपत्ता झाली त्याच्या दुसऱ्या दिवशी, सर्वपित्री अमावस्येला सकाळी, तिनेच डिस्क तपासून, बाहेर काढून पंचांसमोर दिली. लाखेची मोहर लागली आणि डिस्क कपाटात गेली. अकरा महिने ती कुणी ऐकली नाही. चौकशी समितीला वेळ मिळाला नाही. जेटीच्या कमानीला दोनदा रंग काढायला मात्र मिळाला.

खोलीत वायरलेसचा ऑपरेटर हरिश्चंद्र खुर्चीवर अंग चोरून बसला होता. साठीला आलेला, मनगटाला घड्याळ घट्ट बांधलेला माणूस. खालच्या कारखान्यातून अमोनियाचा वास येत होता, आणि कॉम्प्रेसरची धडधड पायांना लागत होती.

"हरीमामा, जेवलात?"

"जेवान उतरत नाय आज." त्याने भिंतीवरच्या फळ्याकडे बोट केलं. फळ्यावर खडूने बोटींची नावं होती. "आज सांजला दर्यादौलत पुसायचं हाय."

उर्वीला ते ठाऊक होतं. रोज संध्याकाळी साडेसहाला हरिश्चंद्र वायरलेसवर एकेका बोटीचं नाव घ्यायचा आणि बोट उत्तर द्यायची, "हाय." हजेरीच ती. जी बोट परत येत नाही, तिचंही नाव पुढच्या नारळी पौर्णिमेपर्यंत घ्यायचं, अशी इथली रीत. कुणी लिहून ठेवलेली नाही, पण कुणी मोडलेलीही नव्हती. ती मोडली सोसायटीचे अध्यक्ष रावजीशेठ यांनी. ऑक्टोबरातच त्यांनी फर्मावलं, हे नाव बंद करा, खलाशांची मनं खचतात.

"तुम्ही बंद केलंत?"

हरिश्चंद्र घुटमळला. "माइकचं बटण दाबलं नाय कवा. नुसतं तोंडान घेतलं. रोज." मग म्हणाला, "त्या दिशी मी हितं नव्हतो गो. रावजीशेठनं मला हातखंब्याला धाडलेलं, ट्रकवरनं इंजिनाचा पार्ट आणायला. मी हितं असतो तर…"

त्याने घड्याळाचा पट्टा आवळला.

दीड वाजता क्लार्क चिंतामणी आठल्ये कपाटातून पाकीट घेऊन आला. मोहर शाबूत होती. तिघांच्या सह्या शाबूत होत्या. उर्वीने ब्लेडने पाकीट कापलं आणि हात थांबवला.

प्लास्टिकच्या आत डिस्कवर मीठ चढलं होतं. पातळ, पांढरं. भरतीनंतर कातळावर राहतं तसं.

"दमट हवा," आठल्ये म्हणाला.

"बंद पाकिटात?"

"अहो, कोकणातली हवा. कुठेही शिरते."

तिने फडक्याने मीठ पुसलं. डिस्क बर्फासारखी गार होती. तिने ती मशीनला लावली, मशीन सुरू केलं आणि डिस्क माउंट करायचा, म्हणजे तिच्यावरचं सामान वाचण्यासाठी दार उघडून द्यायचा, हुकूम दिला.

पडद्यावर उत्तर आलं, अशा नावाची डिस्क अस्तित्वात नाही.

पुन्हा दिला. अस्तित्वात नाही. केबल बदलली. नाही.

मग उर्वीला आठवलं. मे महिन्यात तिनेच या मशीनवर लिनक्सचं नवं कर्नल चढवलं होतं. कर्नल म्हणजे मशीनच्या प्रत्येक भागाला ओळखून कामाला लावणारा गाभा. सोसायटीला नवा प्रिंटर चालवायचा होता, जुन्या कर्नलला तो ओळखता येईना. तेव्हा ही डिस्क मोहरेत होती. ती नव्या कर्नलवर चालते का, हे उर्वीने पाहिलं नव्हतं. पाहता आलं नसतं, ही पळवाट होती. विचारता आलं असतं.

जिन्यावर जड पावलं वाजली. रावजीशेठ आले. पांढरा सदरा, कपाळाला ओला गंध. संध्याकाळी जेटीवर गाऱ्हाणं घालायचं होतं, त्याची तयारी. बसका, भरदार आवाज. त्या आवाजावर माणसाने तीन निवडणुका काढल्या होत्या.

"काय ग पोरी? बोलते का तुझी डिस्क?"

"बघतेय."

"बघून झालं असेल तर ह्यावर सही कर." आठल्येच्या हातात कागद तयार होता, टाइप केलेला. 'सदर डिस्क निकामी असून तिच्यावरील मजकूर वाचता येत नाही.'

"हा कागद कधी टाइप केलात?"

"सकाळी," आठल्ये सरळपणाने बोलून गेला.

"मी यायच्या आधी? ज्योतिष बघता की काय सोसायटीत?"

रावजीशेठ हसले. "तोंड चांगलं चालतं तुझं. मशीन चालव. तीन वाजता येतो, तेव्हा सही पाहिजे." जाता जाता त्यांनी खिडकीतून खाली खाडीकडे पाहिलं. तिथे त्यांचा निळा ट्रॉलर तीन दोरांनी बांधलेला होता. आठवड्यापासून त्याचं इंजिन काढून जेटीवर ताडपत्रीखाली ठेवलेलं. त्यांनी पाहिलं आणि नजर पटकन काढून घेतली.

उर्वी पुन्हा बसली. मशीन सुरू होताना कर्नल काय काय बडबडतं, त्याची नोंद असते. ती एकेक ओळ वाचू लागली. आणि मध्येच तिला ती दिसली. डिस्क होती. कर्नलला ती कधीची सापडली होती, फक्त त्याने तिला वेगळ्या नावाने हाक मारली होती. जुनं कर्नल या जातीच्या डिस्कना एचडीए, एचडीबी म्हणायचं; नवं एसडीए, एसडीबी म्हणतं. सुरू होताना कुठली डिस्क उघडायची, त्या यादीत मात्र जुनंच नाव लिहिलेलं. मशीन जुन्या नावाने हाक मारत होतं आणि डिस्क तिथेच असून ओ देत नव्हती.

"हरीमामा, मेलेली नाहीये!"

हरिश्चंद्र दचकला. "कोण?"

"डिस्क हो."

यादीत तिने एक अक्षर बदललं. त्या एका अक्षरावर सात माणसं बुडवायला निघाले होते हे. मशीन बंद करून तिने पुन्हा सुरू केलं आणि पडद्यावर ओळी धावू लागल्या. मग धावत्या ओळी थांबल्या. मशीन सांगत होतं, एसडीबी एक, ही डिस्क शेवटच्या तपासणीनंतर तीनशे चाळीस वेळा माउंट झाली आहे. म्हणून आता सक्तीची तपासणी.

उर्वीने ओळ परत वाचली.

डिस्कवर एक मोजणी असते. दार जितक्या वेळा उघडलं, तितका आकडा. तपासणी केली की तो शून्यावर येतो. सर्वपित्रीच्या सकाळी तिने स्वतः तपासणी केली होती. शून्य. त्यानंतर डिस्क मोहरेत. मोहर आत्ता, तिच्या डोळ्यांदेखत फुटली.

"आठल्ये, ही डिस्क कुणाला दिली होतीत?"

"काय बोलता! किल्ली माझ्याकडे, मोहर तुम्हीच बघितलीत."

हरिश्चंद्रने खिशातून डायरी काढली. ओठ हलवत तो पानं मोजत राहिला. बराच वेळ.

"सर्वपित्रीपासनं कालपर्यंत," तो म्हणाला, "तीनशे चाळीस सांजा होतात."

तपासणीचा आकडा पडद्यावर चढत होता. बारा टक्के. वीस. दोन वाजता भारनियमनात वीज गेली. खालचा कॉम्प्रेसर धापा टाकत थांबला आणि इतक्या वेळ त्या धडधडीने झाकलेली शांतता खोलीत वर आली. यूपीएस टिट… टिट… करू लागला. पंखा थांबला. घाम फुटायला हवा होता, पण खोलीत गारवा भरत चालला होता, आणि अमोनियाचा वास विरून दुसरा वास येत होता. ओल्या जाळ्याचा. फार दिवस पाण्याखाली राहिलेल्या दोराचा.

यूपीएस वीस मिनिटं टिकायचा. साठ टक्के. एकाहत्तर. उर्वी उठली, बसली, पुन्हा उठली. अठ्ठ्याण्णव. शंभर. डिस्क माउंट झाली.

तिने २१ सप्टेंबर उघडला. दुपारी तीन वाजून दहा मिनिटं. तिथे मुद्रण होतं.

आधी वारा. मग माणूस. "रत्नागिरी… रत्नागिरी… दर्यादौलत बोलतंय. मी मुसा. पाणी शिरलंय, इंजिन बंद. सात जण हाव. वाऱ्यावर सोडून अंजनवेलच्या खाडीत शिरू काय?"

आणि किनाऱ्यावरून उत्तर. बसका, भरदार आवाज. "ऐकलं, मुसा. अंजनवेलला नको जाऊस. तिथंच नांगर टाका. माझा ट्रॉलर सोडतो. हलू नका."

"बरं, शेठ. हलत नाय."

शरीफा केव्हाची दारात येऊन उभी होती. ती रडली नाही. पदर तोंडात धरून तिने एकदाच मान हलवली, कुणीतरी विचारलेल्या प्रश्नाला हो म्हणावं तशी. आठल्येच्या हातातला टाइप केलेला कागद जमिनीवर पडला होता. त्याने तो उचलला नाही. हरिश्चंद्र भिंतीकडे तोंड करून बोलला, "ट्रॉलर तवा हलला नव्हता. मी परत आलो तवा मासेमारीसाठी त्याच्यात बर्फ भरत होते."

काम झालं होतं. डिस्क काढून निघायला हवं होतं. पण मुद्रणांची यादी २१ सप्टेंबरला संपत नव्हती.

२२ सप्टेंबर, सायंकाळी सहा एकतीस. २३ सप्टेंबर, सहा एकतीस. खाली, खाली, अशीच. शेवटचं, काल, २७ ऑगस्ट, सहा एकतीस.

"नको लावू," हरिश्चंद्र म्हणाला. "…लाव."

तिने पहिलं लावलं. लाटांचा आवाज. मग मुसा, दमलेला. "धाकू?"

"हाय."

"झुबेर?"

"हाय."

सहा नावं, सहा हाय. मग मुसा म्हणाला, "शेठ, सात जण हाव. नांगर टाकून हाव. ट्रॉलर निघाला काय?" पुढे नुसतं पाणी.

तिने कालचं लावलं. यात वारा नव्हता. लाटाही नव्हत्या. आवाज कुठून तरी खूप खालून येत होते, प्रत्येक शब्द जड, सावकाश. धाकू… हाय… झुबेर… हाय… सहाही जण. आणि तोच प्रश्न. त्यात राग नव्हता. राग असता तर बरं वाटलं असतं.

"शेठ… आम्ही हितंच हाव. हललो नाय. ट्रॉलर… निघाला काय?"

यूपीएस संपला. पडदा काळा झाला.

शरीफा हळूच म्हणाली, "वाट बघतायत गो अजून."

*

चार वाजता सरकारी कचेरीत, तिथल्या कॉम्प्युटरवर, तीन दहाचं मुद्रण साहेबांनी दोनदा ऐकलं. रावजीशेठ म्हणाले, आवाज माझा नाही. मग म्हणाले, माझा आहे, पण ट्रॉलर नादुरुस्त होता. मग पाणी मागितलं. सहा घरांतल्या बायका बाहेरच्या बाकावर होत्या. त्यांतली एक, धाकूची आई यमुनाबाई, उठून शरीफाजवळ जाऊन बसली आणि तिचा हात आपल्या मांडीवर घेतला. अकरा महिन्यांनी.

उर्वीने साहेबांना बाकीची तीनशे चाळीसही दाखवली. साहेबांनी तारखा पाहिल्या. मोहरेचा पंचनामा पाहिला. परत तारखा पाहिल्या.

"ह्या आपल्या चौकशीच्या कक्षेत येत नाहीत," ते म्हणाले, आणि चष्मा पुसू लागले.

"मग कुणाच्या कक्षेत येतात?"

उर्वीने त्यांच्यासमोर डिस्क पुन्हा तपासून मोजणी शून्यावर आणली आणि पंचनाम्यात तसं लिहायला लावलं. डिस्क कॉम्प्युटरमधून काढली, नवं पाकीट, नवी लाख, चार सह्या. पाच वाजून वीस मिनिटांनी पाकीट कचेरीच्या तिजोरीत गेलं.

साडेसहाला जेटीवर चार-पाचशे माणसं होती. सोनेरी कागदात गुंडाळलेला नारळ हातात घेऊन रावजीशेठ समुद्राकडे तोंड करून उभे राहिले. चौकशीची बातमी जेटीपर्यंत पोचली होती, तरी गाऱ्हाणं अध्यक्षानेच घालायचं, आणि ते घालायला ते उभे राहिले, इतकी त्या माणसाची छाती. "बा दर्यादेवा म्हाराजा, तुझी लेकरं आज होड्या लोटतायत…"

"व्हय म्हाराजा," लोक म्हणाले.

"गेलेल्यांची वाट…" आणि रावजीशेठ थांबले. तोंड उघडं, ओठ हलतायत, गळ्याच्या शिरा फुगलेल्या. आवाज नाही. लोक 'व्हय म्हाराजा' म्हणायला थांबले होते. ते थांबूनच राहिले.

त्याच वेळी माडीवर हरिश्चंद्र हजेरी घेत होता. उर्वी शेजारी उभी होती. शेवटचं नाव आलं तेव्हा त्याने तिच्याकडे पाहिलं, आणि अकरा महिन्यांत पहिल्यांदा माइकचं बटण दाबलं.

"दर्यादौलत."

स्पीकर खरखरला. उत्तर आलं नाही. हरिश्चंद्रने ओलं फडकं उचलून फळ्यावरचं नाव पुसलं. मग खिडकीशी गेला आणि तिथेच थिजला.

"बाय… ट्रॉलर?"

खाडीत निळ्या ट्रॉलरची जागा रिकामी होती. सगळे लोक समुद्राकडे तोंड करून उभे होते, मागे वळून कुणी पाहिलं नव्हतं. तिन्ही दोर धक्क्यावर पडले होते, कापलेले नाहीत, गाठी नीट सोडवून वेटोळी घातलेले. ताडपत्रीखाली ट्रॉलरचं इंजिन जिथल्या तिथे होतं.

ट्रॉलर सापडलेला नाही. रावजीशेठ जिवंत आहेत. रत्नागिरीच्या, मग कोल्हापूरच्या डॉक्टरांनी घसा तपासला. घशात दोष नाही. ते पाटीवर लिहून बोलतात.

नोव्हेंबरात पुढच्या सुनावणीला तिजोरी उघडली. मोहर शाबूत होती, चार सह्या शाबूत होत्या, आणि आत पांढरं मीठ होतं. या वेळी उर्वीने डिस्क माउंट न करता आधी नुसती मोजणी वाचली. ती शून्य असायला हवी होती. आकडा एक होता.

नवं मुद्रणही एकच होतं. २८ ऑगस्ट, सायंकाळी सहा एकतीस. सहा नावं, सहा हाय. मग डिझेल इंजिनाची धडधड, लांबून जवळ येत गेलेली. दोर पडल्याचा आवाज. मुसा विचारतो, "सुकाणूवर कोण?" आणि बसका, भरदार आवाज म्हणतो, "हाय. मी रावजी."

हे मुद्रण साहेबांनी ऐकलं, पोलिसांनी ऐकलं, बंदर कचेरीने ऐकलं. साडेसहाला रावजीशेठ जेटीवर नारळ धरून उभे होते, याला पाचशे साक्षीदार आहेत. बंदर कचेरीच्या नोंदवहीत ट्रॉलर सुटल्याची वेळ लिहिलेली आहे. त्यापुढे 'सुकाणूवर कोण' हा रकाना आहे. तो आजतागायत कोरा आहे.